अकोल्याला ठेवलेलं इंजिन

मी विमान बांधत होतो असं सांगितलं की लोक आधी माझ्या तोंडाकडे पाहतात आणि मग माझ्या बायकोच्या. तिचा चेहरा पाहिला की त्यांना ते खरं वाटतं.

साठ सालानंतरची ती वर्षं. मी अमरावतीच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होतो. विलायतेहून टपालाने नकाशांची गुंडाळी मागवली होती. एका माणसाने आपल्या घरी, आपल्या हातांनी बांधायचं, एकाच माणसाने बसायचं लाकडी विमान. सोबतच्या पत्रात लिहिलं होतं की सुताराची साधी हत्यारं आणि फावला वेळ असला की दोन वर्षांत विमान तयार होतं. लिहिणाऱ्याने अमरावतीचे सुतार पाहिले नव्हते. घरमालकाचं सरकीचं गोदाम रिकामं होतं, त्यात मी काम मांडलं. तिसरं वर्ष संपलं तेव्हा शेपूट आणि एक पंख एवढं झालं होतं. घरमालक पाहुण्यांना ते दाखवत आणि म्हणत, "हे आमच्या प्रोफेसरचं." घरातल्या वेडसर काकाची ओळख लोक करून देतात, तोच सूर.

इंजिन परदेशातून मागवायला सरकारी परवाना लागत होता. अर्जात 'उपयोग' असा रकाना होता. मी 'उडणे' असं लिहिलं. सहा महिन्यांनी अर्ज परत आला आणि वर शेरा होता की हा उपयोग समजत नाही. मग मी 'पिकांवर औषध फवारणे' लिहिलं, तेव्हा कोणत्या पिकांवर, अशी विचारणा झाली. तूर, कापूस, ज्वारी असं करत करत मी अख्ख्या वऱ्हाडाची शेती त्या अर्जात पेरली. सव्वादोन वर्षांनी परवाना आला. तो देताना तिथला साहेब म्हणाला, "पुन्हा येऊ नका." म्हणजे दुसरं इंजिन या जन्मी मिळणार नव्हतं, हे मला त्याच दिवशी कळलं.

इंजिन मात्र लगेच आलं. विमानाला अजून दुसरा पंख नव्हता, बसायची जागा नव्हती, आणि इंजिन दारात हजर. लग्न ठरायच्या आधी पाळणा आणून ठेवावा तसं झालं.

चार सिलिंडरचं, नवंकोरं, राखाडी रंगाचं ते इंजिन होतं. त्याच्याबरोबर एक पातळ इंग्रजी पुस्तिका होती. विमानात बसवायला वेळ असेल तर इंजिन कसं ठेवावं, याची आठ कलमं तिच्या एका पानावर होती. कारखान्यातून निघताना सिलिंडरच्या आतून घट्ट तेलाचा हात फिरवलेला होता. ते तेल आहे तोवर आतलं लोखंड सुरक्षित. वर प्लगच्या भोकांत काचेच्या नळ्या बसवल्या होत्या आणि त्यांत निळे मणी होते. हवेतली ओल हे मणी पितात, आणि पिऊन झाले की गुलाबी होतात. मग ते तव्यावर भाजायचे, की पुन्हा निळे. आणि सहावं कलम असं की इंजिनाचा दांडा कधीही, कोणत्याही कारणाने, हाताने फिरवू नये. फिरवला की आतले दट्टे वरखाली होतात, भिंतींवरचं तेल पुसून नेतात, बाहेरची दमट हवा आत ओढतात, आणि नवं इंजिन जागेवर गंजून जातं.

सगळ्यावर एक मेणकापडाची हवाबंद पिशवी होती. ती बंदरावरच्या तपासनिसाने आत काय आहे ते पाहायला चाकूने फाडली. इंजिनाच्या पिशवीत इंजिनच निघालं, हे पाहून तो फार नाराज झाला म्हणे.

मी इंजिन घरात, पुढच्या खोलीत, लाकडी घोडीवर ठेवलं. गोदामाचं पत्र्याचं छप्पर गळत होतं आणि सरकी गेली तरी सरकीवरचे उंदीर गेले नव्हते. खोलीतली दोन खुर्च्यांची जागा इंजिनाने घेतली. पाहुणे आले की मी आणि इंजिन बसायचो आणि पाहुणे उभे राहायचे.

आणि पाहुणे किती यावेत. कॉलेजातले सहकारी आले, त्यांचे साडू आले, गल्लीतला कंपाउंडर आला, टपालवाला तर पत्र नसलं तरी यायचा. बायका लांबून पाहून जात. पुरुष जवळ येत आणि त्यांचा उजवा हात सरळ दांड्याकडे जाई. पुरुषाच्या जातीला फिरण्यासारखं काही दिसलं की ते फिरवल्याशिवाय राहवत नाही, हा माझा त्या काळातला सर्वांत मोठा शोध. न्यूटनला हे सुचलं नाही, कारण त्याच्याकडे अमरावतीचे पाहुणे नव्हते. शेवटी मी ती आठ कलमं मराठीत उतरवून भिंतीवर डकवली. सहावं लाल पेन्सिलीने लिहिलं. आल्यागेल्याला ते मोठ्याने वाचून दाखवायचो. अडाणी असो की एम.ए., माझ्या दृष्टीने सगळे सारखे, कारण माझा कुणावरच भरवसा नव्हता.

सासूबाई अंजनगाव सुर्जीहून आल्या. येताना पानांचा पुडा आणि कुंकवाचा करंडा घेऊनच आल्या होत्या. मी त्यांनाही कलमं वाचून दाखवली. त्यांनी सगळी शांतपणे ऐकली आणि विचारलं, "फिरवत नाई बाप्पा. पण कुंकू लावाले तुमच्या इंग्रजीत मनाई हाये का?"

मी पुस्तिका पुन्हा पाहिली. मनाई नव्हती. त्यांनी चारही सिलिंडरांना बोटं लावली.

बायकोचा तवा आता मण्यांच्या कामाला लागला होता. श्रावण आला तसा पुढच्या खोलीच्या भिंतीला ओल चढली आणि मणी तिसऱ्या दिवशी गुलाबी होऊ लागले. मी सकाळी, कॉलेजला जाताना, कॉलेजहून आल्यावर आणि जेवायच्या आधी नळ्यांत डोकावायचो.

"मले टायफाईड झाला होता तवा तुमी दिवसातून एकदा पाहत होते," बायको म्हणाली. "याले चारदा पाहून राह्यले."

"तुले गंज नाई चढत," मी म्हणालो. हे बोलायला नको होतं. पुढचे दोन दिवस मणी मीच भाजले आणि पोळ्याही मीच भाजल्या.

तेव्हा अकोल्याचा विचार आला. अकोल्याला माझ्या थोरल्या भावाचं, दादाचं, कापसातून सरकी काढायचं जिनिंग होतं. कापसाचा हंगाम होळीला संपतो, तो थेट दिवाळीनंतर सुरू होतो. तोवर जिन बंद. तिथे रुईच्या गाठी ठेवायची दगडी कोठी होती. रुईला ओल चालत नाही, म्हणून ती वऱ्हाडातली कोरडी जागा. आणि तिथे चाचा होते.

चाचा म्हणजे जिनाचे मिस्त्री. मूळचे बाळापूरचे, पण माझ्या जन्माच्या आधीपासून आमच्या जिनावर. जिनाचं मोठं ऑइल इंजिन त्यांनी तीस वर्षं चालवलं होतं. दुसऱ्या जिनवाल्यांची इंजिनं बंद पडली की ते दादाकडे यायचे आणि चाचांना एक दिवस उसने मागायचे. चाचा बंद इंजिनाच्या अंगाला कान लावत, डोळे मिटत, आणि काय झालं ते सांगत. मला पाना धरायला त्यांनी शिकवलं. चुकीचा धरला की बोटांवर टिचकी मारत. कॉलेजात पदव्या घेऊन आलो तेव्हापासून ते मला 'मास्तर' म्हणू लागले आणि टिचक्या बंद झाल्या. मला ते थोडं लागलं होतं.

गाद्यांमध्ये गुंडाळून, मालमोटारीत स्वतः शेजारी बसून, बडनेरा, मूर्तिजापूर करत मी इंजिन अकोल्याला नेलं. चाचांनी ते उतरवून घेतलं. चारी बाजूंनी फिरून पाहिलं, पण हात लावला नाही. बराच वेळ पाहून म्हणाले, "खूबसूरत हाये मास्तर. आतून कसं असन."

मण्यांची गंमत मी त्यांना सांगितली. ती नवी होती, त्यांनी कधी पाहिली नव्हती, म्हणून सांगायला संकोच वाटला नाही. निळे, गुलाबी, तवा, सगळं त्यांना फार आवडलं. मग मी भिंतीवरून काढून आणलेला कागद खिशातून काढला आणि म्हणालो, "चाचा, अजून काही..."

दादाने माझ्या दंडाला धरून मला कोठीबाहेर आणलं. "त्याइले शिकवून राह्यला तू? तीस वर्षांच्या मिस्त्रीले? सगळ्या जिनासमोर?"

खरं सांगायचं तर मलाच बरं वाटलं. ज्याने मला पाना धरायला शिकवला त्याला मी 'हे करू नका, ते करू नका' वाचून दाखवायचं, हे माझ्या जिभेवर येतच नव्हतं. आमच्याकडे उस्तादाला काम सांगायचं असतं, कसं करायचं ते सांगायचं नसतं. वरून मनात हेही होतं की अमरावतीच्या टपालवाल्याला सांगावं लागतं, चाचांना कशाला. कागद मी खिशात परत ठेवला. चाचा आतून म्हणाले, "तुमी फिकर नका करू. पोटच्या लेकरासारखं पाहीन."

मी अमरावतीला आलो आणि कित्येक महिन्यांनी निवांत जेवलो.

दर आठवड्याला मी चाचांना पोस्टकार्ड टाकत होतो. ते त्यांना दादाचे मुनीम वाचून दाखवत आणि उत्तरही लिहून देत. 'इंजिन खुशाल आहे. मणी गुलाबी झाले होते, भाजले.' पुढच्या आठवड्यात, 'मणी गुलाबी झाले होते, भाजले.' त्याच्या पुढच्याही. रुई सांभाळणाऱ्या दगडी कोठीत, वऱ्हाडातल्या त्या कोरड्या जागेत, मणी आठ दिवसांत ओल पिऊन तर्र होत होते. मी त्याचं कारण शोधून काढलं. मोर्णा नदीचा काठ जवळ आहे, असं ते कारण. आणि उत्तरात चाचांच्या कष्टांबद्दल आभार मानले. त्याच महिन्यात मी वर्गात वायूंचे नियम शिकवत होतो. नळकांड्यात दट्ट्या वर गेला की हवा बाहेर पडते, खाली आला की आत ओढली जाते, हे मी खडूने फळ्यावर काढून पंचाहत्तर पोरांना समजावलं. पोरांनी ते वहीत उतरवून घेतलं. मला काही समजलं नाही.

खंडेनवमीला मी अकोल्याला गेलो. त्या दिवशी जिनात सगळ्या यंत्रांची पूजा असते. गाड्यांना, तराजूला, पान्यांना, सगळ्यांना झेंडूची माळ आणि नारळाचं पाणी. नारळाचं पाणी माझ्या इंजिनावर पडेल या धास्तीने मी सकाळच्या पहिल्या गाडीनेच निघालो होतो. पाहतो तर कोठीच्या दारात चाचा स्टूल टाकून बसले होते आणि गुरवालाही आत जाऊ देत नव्हते. जिनाच्या इंजिनाला त्यांनी स्वतः माळ घातली होती, दरवर्षी घालत तशी. पण माझ्या इंजिनाला त्यांनी धुळीचा कणही लागू दिला नव्हता. धुतलेल्या धोतराखाली झाकलेलं, खाली कडुनिंबाचा पाला पसरलेला, घोडीवर मुंग्या चढू नयेत म्हणून तिच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या. मला भरून आलं. मी सगळ्यांवर संशय घेतला होता आणि एकाच माणसावर भरवसा ठेवला होता, आणि तो बरोबर निघाला, असं मला वाटलं.

चाचांनी धोतर बाजूला केलं. इंजिनाच्या दांड्याला बाभळीच्या लाकडाची एक सुंदर मूठ बसवलेली होती. हाताला लागू नये म्हणून काचकागदाने गुळगुळीत केलेली.

"हात लावून पाहा मास्तर," ते म्हणाले. "आलं तवा कसं जड होतं. आता मक्खन." आणि त्यांनी मूठ धरून दांडा फिरवला. एकदा, दोनदा, दहादा. आतून मऊ, ओली हवा आतबाहेर होण्याचा आवाज आला. "मशीन बसून राह्यली का जाम होते. रोज सकायी नमाज झाली का पयले याले पन्नास चक्कर देतो, मंग चहा. एक दिवस खाडा नाई."

मला मांडीवरचं घोंगडं उचलल्यासारखं थंड वाटलं. आणि सगळ्यांत वाईट हे की हे मला माहीत होतं. जिन बंद असायचं त्या महिन्यांत चाचा रोज सकाळी मोठ्या इंजिनाचं चाक हाताने फिरवायचे. मी लहानपणी ते पाहत उभा असायचो. त्या इंजिनासाठी तेच बरोबर होतं. तीस वर्षांत ते एकदाही अडकलं नव्हतं.

मी एक नळी काढली आणि बॅटरीचा उजेड आत पाडला. आतल्या भिंतीवर तेलाचा मागमूस नव्हता. वरपासून खालपर्यंत तांबूस पट्टे होते. मी बॅटरी विझवायच्या आत चाचांनी माझ्या हातातून घेतली आणि त्या भोकाला डोळा लावला. ते खूप वेळ पाहत होते. मग त्यांनी दुसरी नळी काढली, तिसरी, चौथी. चारही पाहिल्यावर बॅटरी माझ्या हातात दिली.

"पुस्तकात काय लिहेल हाये?" त्यांनी विचारलं.

"काही खास नाई, चाचा."

"वाचा."

चाचांना उर्दू वाचता येत होतं, मराठी-इंग्रजी नाही. मी पुस्तिका उघडली आणि मराठीत सांगत गेलो. पहिलं, कोरड्या जागी ठेवावं. दुसरं, जमिनीवर ठेवू नये. तिसरं, चौथं. पाचवं, मणी गुलाबी झाले की भाजावेत. मग बाकीची भोकं बुचांनी बंद ठेवण्याविषयीचं सातवं, आणि आठवं. माझा आवाज सहज यावा म्हणून मी फार प्रयत्न केला.

चाचा माझ्या शेजारी उभं राहून पानाकडे पाहत होते. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण दाबाच्या घड्याळावरचे आकडे त्यांनी तीस वर्षं वाचले होते. त्यांनी तेलकट बोट पानावर ठेवलं. "पाचाच्या मांग हे सहा हाये. हे तुमी वाचलं नाई."

मी ते वाचलं.

बाहेर जिनाच्या अंगणात आरती सुरू झाली होती. चाचांनी मुठीचा पेच सोडवला, मूठ काढून घेतली आणि बाजूला ठेवली.

"हे घरी कोनाकोनाले सांगतलं होतं?"

"सगळ्याइले," मी म्हणालो. खोटं बोलायचं त्राण उरलं नव्हतं.

"मंग मले काहून नाई?"

"तुमाले कसं सांगाव, चाचा?"

"तोंडानं," चाचा म्हणाले. चिडून नाही, मला पाना कसा धरायचा ते सांगत तसं. मग म्हणाले, "दोन महिने मी रोज सकायी त्याले मारून राह्यलो, अन् तुमी मले आभारी आहे लिहून राह्यले."

मला वाटत होतं मी त्यांचा मान ठेवला. त्या मानाने त्यांच्याच हातून, रोज पन्नास वेळा, मी माझं इंजिन गंजवून घेतलं, आणि शिवाय त्यांना त्या पापाचं धनी केलं.

त्या दिवाळीच्या सुटीत आम्ही चारही सिलिंडर उतरवले. चाचांनी तीन घासून, पॉलिश करून इतके सुरेख केले की गंज होता हे सांगूनही पटलं नसतं. चौथ्यात खड्डे पडले होते. एका सिलिंडरसाठी मी नवा अर्ज केला आणि 'उपयोग' या रकान्यात काय लिहावं ते मला सुचेना. त्या कामात चाचा प्रत्येक वेळी थांबत. मी पान वाचून मराठीत सांगेपर्यंत ते इंजिनाला बोट लावत नसत, दोन्ही हात पाठीमागे धरून उभे राहत. मी त्यांना म्हणालो, चाचा, एवढं तर तुमाले माहीत हाये. ते म्हणाले, "वाचा तं खरं."

मग जिनाचा हंगाम सुरू झाला. पहिल्या दिवशी मी तिथेच होतो. मोठं इंजिन सुरू करायची वेळ आली. चाचांनी तीस वर्षं चालवलेलं, ज्याच्या अंगाला कान लावून ते डोळे मिटत, ते इंजिन. सगळे वाट पाहत उभे होते. चाचांनी तेलाची झारी उचलली, झडपेवर हात ठेवला, आणि मग वळून माझ्याकडे पाहिलं.

"मास्तर, खोलू ना?"

त्या इंजिनाची कोणती झडप कशाची, हे मला कधीच कळलं नव्हतं. सगळं जिन माझ्याकडे पाहत होतं. मी म्हणालो, "खोला, चाचा," आणि माझ्या होकारानंतरच त्यांनी ती उघडली.